एकाचा फरक

युद्धाचा रोजच्या रोज लिहिलेला इतिहास छापायला जाण्याआधी ताई एकेक दिवस पडताळून बघत होत्या. बाकी सगळं जुळलं. पुलावरच्या लढाईचा दिवस तेवढा अडून बसला. एका अहवालात त्या दिवशी एक्केचाळीस सैनिक मेले होते, दुसऱ्यात चाळीस.

"ताई, एका माणसापायी आठवडा घातलात! स्थळ बघताय की काय?" साहेब हसले. "छापखाना खोळंबलाय हो."

"त्या एकाचा देह सापडला नाही," ताई हळूच म्हणाल्या.

"आणि साक्ष?"

"पूल कोसळला तेव्हा तो पुलावरच होता. तिघांनी लिहून दिलंय."

"मग आता कसली वाट बघताय?"

ताईंनी देवाचं नाव घेतलं, तेही सवयीनंच. चाळीसवर काट मारून एक्केचाळीस लिहिलं. मग त्यांनी घरी फोन लावला.

"आई, धाकट्यासाठी रात्री दार नुसतं लोटून ठेवतेस ना, आजपासून कडी लावून झोपत जा."

आईच्या आवाजात कितीतरी वर्षांनी जीव आला.

"का गं? आला का तो?"