शेजारी बसा

पन्हाळ्याच्या चढावर रॅलीचा सराव चालू होता. केतकीची टर्बो बसवलेली गाडी ऐन वेगात पुन्हा अडखळली. संघाचे प्रमुख इनामदार सर म्हणाले, "गाडी ठीक आहे. घाबरून तूच पाय उचलतेस. उद्या दुसरा ड्रायव्हर बसवतो."

"मग शेजारी बसा आणि माझा पाय बघा."

सर बसले. तिने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला, तरी गाडीने आचके दिलेच.

केतकीने स्वतःच स्पार्क प्लग काढले. नवा टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबत होता आणि त्या दाबाने ठिणगी विझत होती. तिने चारही प्लगच्या टोकाची, ठिणगी जिथे उडते ती फट किंचित कमी केली, म्हणजे ठिणगी दाबातही टिकेल, आणि प्लग परत बसवले. या खेपेला गाडीने चढ एका दमात पार केला.

"उद्या तूच चालव," सर म्हणाले.

"चालवणारच होते," म्हणत तिने हेल्मेटचा पट्टा सोडला.