तात्यांची वामकुक्षी

दुपारची जेवणं उरकली की सोसायटीतली माणसं दाराबाहेर चपला काढून, आवाज न करता तात्यांच्या खोलीत येऊन बसत. ती तात्यांना झोपलेलं बघायला येत. जागरणाची गोळी साऱ्या सोसायटीत फक्त तात्यांनी घेतली नव्हती.

गोळी त्यांच्या सुनेच्या, नीलाक्षीच्या प्रयोगशाळेतली. आधीचं औषध संध्याकाळपर्यंत यकृतात तुटून जाई आणि रात्री झोप लागे. कंपनीला ते आठवडाभर टिकायला हवं होतं. औषधाचा रेणू जिथे तुटायचा, तिथला हायड्रोजन काढून नीलाक्षीने फ्लोरिन बसवला. एका अणूची अदलाबदल. तो रेणू मग कुणाच्याच शरीरात तुटला नाही. तिच्याही.

"वहिनी, उतारा सापडेल ना हो?" समोरच्या कुलथ्यांनी आजही हलक्या आवाजात विचारलं. त्यांचे डोळे पार खोल गेले होते.

"शोधतोय आम्ही," ती रोजच्यासारखंच म्हणाली.

तात्या घोरत होते. त्या तालावर कुलथ्यांनी डोळे मिटून पाहिले, आणि जमेना तसे पुन्हा उघडले.

सगळे गेल्यावर ती पांघरूण सारखं करायला वाकली. तात्यांनी लगेच डोळे उघडले.

"गेले का सगळे?"

"तात्या, तुम्ही जागे होतात?"

"या वयात कुठली गं दुपारची झोप! महिना झाला, नुसता घोरतोय आपला." त्यांनी कूस बदलली. "तू बस जरा. तुझ्यासाठी परत घोरतो."