मधेच जाणारं नेट

"सगळ्यात भरवशाचा राउटर दाखवा," थोरली म्हणाली. "एकदा लावला की परत बघायला नको."

दुकानदाराने फळीवरून तीन खोकी काढून काचेवर मांडली. घर केवढं, भिंती कशाच्या, एका वेळी किती फोन चालतात, असं विचारत राहिला. थोरली उत्तरं देत होती. अप्पांना तिने पंख्याखालच्या स्टुलावर बसवलं होतं. त्यांना आणायचं तिच्या मनात नव्हतं, पण राउटर घ्यायला निघाल्याचं कळताच ते चपला घालून तिच्या आधी दारात उभे.

"अँटेना जास्त असलेला चांगला का हो?"

"शिंगं जास्त म्हणून बैल जास्त ओढतो का, ताई? हा मधला घ्या. दोन खोल्यांना भरपूर झाला. तापत नाही, अडकत नाही. छोटी बॅटरी जोडली की वीज गेली तरी चालू."

"मग बॅटरीसकट द्या. आणि तुमचा माणूस येऊन बसवून देईल ना? उंच बसवा. माझा हात पोचणार नाही असा."

"मग बंद-चालू कसा करणार?"

"करायचाच नाही," थोरली म्हणाली.

दुकानदाराने तिने आणलेला जुना राउटर मघाशीच लावून ठेवला होता. त्याचे हिरवे दिवे एका लयीत लुकलुकत होते. "याला तर काही धाड भरलेली नाही. मधेच बंद पडतो म्हणालात ना? आपोआप?"

थोरलीने नव्या खोक्यावरची न दिसणारी धूळ पुसली. "जुना झालाय," ती म्हणाली.

धाकटी बहीण परदेशात होती. संध्याकाळ झाली की तिचा व्हिडिओ कॉल यायचा. अप्पा त्याआधीच तोंड धुऊन, केस विंचरून, फोन मांडीवर घेऊन बसलेले असायचे. त्यांच्या फोनला घरच्या नेटचाच काय तो आधार. छापखान्याच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते, त्यामुळे फोनचा आवाज सगळ्यात मोठा. आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेल्या थोरलीला शब्द न् शब्द ऐकू यायचा. दिवसभर तिने जेवणाचं विचारलं, औषधाचं विचारलं, की उत्तर 'हं' नाहीतर 'बरं'. धाकटीपुढे मात्र पोपटासारखे बोलायचे. छापखान्यातल्या गमती सांगायचे, जुन्या साहेबाची नक्कल करायचे. जन्मभर त्यांच्याजवळ राहिलेल्या थोरलीने त्या गमती कधी ऐकल्या नव्हत्या.

एकदा धाकटी म्हणाली, "अप्पा, तुमचं करायला मी तिथे हवी होते." अप्पा म्हणाले, "तू असतीस तर मग काय पाहिजे होतं."

राउटर थोरलीच्या डोक्यावरच्या फळीवर होता. ती उठलीसुद्धा नाही. नुसता हात वर केला आणि बटण दाबलं.

बाहेरचं हसणं तुटलं. अप्पा फोन हलवत "हॅलो, हॅलो" करत राहिले. तो आवाज ऐकून थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातलं शिवण तसंच टाकून ती बाहेर आली आणि त्यांच्या पायाशी बसली. नेटला चार शिव्या घातल्या. मग काहीबाही बोलत राहिली, शेजारच्यांचं, गिऱ्हाइकांचं, कुणाचा कुर्ता तंग झाला त्याचं. मन खात होतं, तोवर तिला तिथून उठवेना. आता पुन्हा नाही, असं तिने स्वतःला बजावलं. पुढच्याच आठवड्यात हात पुन्हा वर गेला. मग जातच राहिला. कंपनीचा माणूस येऊन वायर बदलून गेला. लाइनमध्ये खोट नाही, असं तो परोपरीने सांगत होता आणि थोरली त्याच्याशी हुज्जत घालत होती.

काल धाकटीचा साधा फोन आला, थेट थोरलीला. ती रडत होती. "ताई, अप्पा हसता हसता स्क्रीनवर गोठतात गं. दर वेळी वाटतं, हे शेवटचंच बघणं. चांगला राउटर घे ना एखादा."

"उद्याच घेते," थोरली म्हणाली. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढेच शब्द बाहेर आले.

आता दुकानदार बिल करायला बसला. थोरली दाराशी जाऊन पिशवीत जुना राउटर कोंबू लागली. आज संध्याकाळी धाकटी मनसोक्त बोलेल, अप्पा मनसोक्त हसतील, आणि आपला हात आपल्या जागी राहील, असं मनाशी म्हणताना तिला खूप दिवसांनी जरा हलकं वाटलं.

तेवढ्यात अप्पा स्टुलावरून उठले. काठी टेकत टेबलापर्यंत गेले. थोरलीची पाठ आहे हे बघून घेतलं आणि दुकानदाराच्या कानाशी वाकले. ते कुजबुजत आहेत असं त्यांना वाटत होतं. सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

"मालक, हा कधीच बंद पडणार नाही म्हणता?"

"अजिबात नाही, काका. गॅरंटी आहे."

"मग हा नको. एखादा हलका दाखवा, मधेमधे जाणारा. हिला सांगू नका. धाकटी काय, रोज भेटते. ही घरात असून नेट गेल्याशिवाय भेटत नाही."