जाड तारेची कुरकुर

अण्णांनी तिसरी गिटारही काउंटरवर परत ठेवली.

"ही बी प्लायच हाय," ते म्हणाले. "वरनं नुसता लाकडाचा पापुद्रा चिकटवलाय. भोकाची कड बघ."

मुकुलने बघितली. मधल्या गोल भोकाच्या कडेला तीन थर स्वच्छ दिसत होते. अख्खं लाकूड असतं तर वरच्या रेघा तशाच कडेवरून खाली उतरल्या असत्या. हे त्याला आधीच दिसायला हवं होतं. तंबोरे करणाऱ्याचा मुलगा होता तो.

सांगलीतलं हे शेवटचं दुकान. सहा वाजून गेले होते, आठला शटर पडणार होतं, आणि पैज आजच्यापुरती होती.

साताऱ्याच्या एका शाळेत मुकुलला गिटार शिकवायची नोकरी लागली होती, सोमवारपासून. स्वतःचं चांगलं वाद्य हवं, एवढीच शाळेची अट. त्याच्या जुन्या गिटारीची मान उन्हाळ्यात तडकलेली, आणि गाठीला होते पंधरा हजार. अण्णा म्हणाले होते, तेवढ्यात अख्ख्या लाकडाची मिळाली तर खुशाल जा. न्हाई मिळाली तर सोमवारी कारखान्यात येऊन बस. मुकुलने रागाच्या भरात हो म्हटलं. आता लाकूड पारखायला स्वतः अण्णाच बरोबर आलेले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

बापलेकांचं पहिल्यापासूनच असं. मुकुलला पूर्व म्हटलं की तो पश्चिमेला निघायचा. लहानपणी त्याला दोडका खायला घालायचा असला की त्याची आई, शकुंतलाबाई, म्हणायच्या, आज तू खाऊ नकोस, आणि ताट लख्ख व्हायचं. अण्णांना असली युक्ती कधी जमली नाही. ते सरळ हुकूम सोडायचे आणि मग आठवडाभर घरात भांडण चालायचं.

गेले तीन महिने तर बोलणंच तुटलं होतं. जेवण उरकलं की अण्णा कारखान्याचं दार आतून लावून घेत. पुण्याची मोठी ऑर्डर आहे, म्हणत. मुकुलने एकदाही आत डोकावलं नव्हतं. त्या खोलीत त्याचं लहानपण गेलं होतं. तंबोऱ्याच्या तारेखाली, ती टेकते त्या घोडीवर, सुताचा बारीक तुकडा सरकवतात, त्याने तार गुंजते. बाकीचे कारागीर साधा पांढरा दोरा घालतात. अण्णांना तो शकुंतलाबाई हळदीत बुडवून देत, पहिल्या सुराला हळद लागते म्हणून. ते दोरे वाळवून डबीत भरायचं काम मुकुलकडे असे. शाळेत पिवळी बोटं लपवत बसायचा. पुन्हा त्या डबीपाशी जाऊन बसायचं नव्हतं त्याला.

दुकानदार विश्वजीतने चौथी गिटार काढली. ती अख्ख्या लाकडाची होती, पण चाळीस हजारांची. मुकुलने तिला हातही लावला नाही.

"आनखी काय हाय का?" अण्णांनी विचारलं.

विश्वजीत क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग आत गेला आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली एक गिटार घेऊन आला. तिच्यावर कंपनीचं नाव नव्हतं. एका कारागिराने पहिल्यांदाच केलेली आहे, नाव लावायला तो तयार नाही, म्हणून साडेतेरा हजार, असं विश्वजीत म्हणाला.

मुकुलने आधी भोकाची कड बघितली. रेघा वरून निघून सरळ कडेवर उतरल्या होत्या. पाठीला आणि बाजूलाही प्लाय नव्हतं. त्याने ती मांडीवर घेतली, तारा जुळवल्या आणि छेडल्या. आवाज उघडा आणि भरदार होता, दुकानाच्या काचेपर्यंत जाऊन परत येणारा. फक्त सगळ्यात जाड तार किंचित कुरकुरत होती. मुकुलला इतका आनंद झाला की त्याने मान वर केली नाही, चेहऱ्यावर दिसेल म्हणून.

अण्णांनी गिटार त्याच्या हातातून घेतली. उलटी केली, सुलटी केली.

"ही नगं," शेवटी म्हणाले.

"का?"

"कारागीर नवशिका हाय. जोड बघ किती जाड. जाड तार कुरकुरतीया. लाकूड मुरलंय का न्हाई कुनाला ठावं. घिऊ नगंस."

मुकुलच्या डोक्यात तिडीक गेली. आधीच्या गिटारी प्लायच्या म्हणून नकोत, आणि ही अख्ख्या लाकडाची, तर हिचे जोड जाड. म्हाताऱ्याला गिटार बघायचीच नव्हती, मुलाला दावणीला बांधायचं होतं.

"अण्णा, तुमी लाकूड म्हनला हुता. हे लाकूड हाय. मी हीच घेनार."

"ऐक माझं. पस्तावशील."

"न्हाई ऐकनार. पैज संपली."

अण्णांनी गिटार काउंटरवर ठेवली. अंगठ्यावरची मळकी पट्टी सारखी करत दुकानाबाहेर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. विश्वजीतने पावती फाडली.

रविवारी स्टँडवर शकुंतलाबाई एकट्याच आल्या. हरले म्हणून तोंड लपवून बसलेत, असं मुकुल अण्णांबद्दल म्हणाला. त्यावर त्यांनी भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि पोहोचल्यावर फोन कर म्हणून सांगितलं.

साताऱ्याच्या भाड्याच्या खोलीत पोहोचल्यावर त्याने सामान सोडायच्या आधी गिटार काढली. तासभर वाजवली. आता त्याला कुणी काही म्हणणार नव्हतं. जाड तारेची कुरकुर मात्र जाता जाईना, आणि तिच्याबरोबर अण्णांचे शब्दही. सकाळी मुलांसमोर हे असलं वाद्य न्यायचं नव्हतं.

त्याने ती तार सैल केली आणि घोडीवरून उचलली. तिच्याखाली सुताचा एक बारीक तुकडा होता, हळदीत बुडवलेला.