लेकीचा चेहरा

यमुनानं मान खाली घालून डोळा ताणून धरला आणि डॉक्टर दिघ्यांनी सलाइननं भरलेली वाटीसारखी लेन्स अलगद बसवली. मग दुसऱ्या डोळ्यात दुसरी. बुबुळं शंकूसारखी पुढे आल्यामुळे कित्येक वर्षं तिला एका दिव्याचे चार दिवे दिसत होते. आज भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथीसुद्धा वाचता आली. हरखून ती कोपऱ्यात बसलेल्या लहानग्या ईश्वरीकडे वळली. लेकीच्या वेणीतली रिबीन दिसली, फ्रॉकची बटणं दिसली. चेहऱ्याच्या जागी मात्र राखाडी धुकं होतं.

“डॉक्टर, लेन्स बिघडलीय.”

“बिघडली नाही. या लेन्समध्ये कॅमेरा असतो. म्हणून ती लहान मुलांचे चेहरे झाकते. कॅमेऱ्यात मुलांचे चेहरे येऊ द्यायचे नाहीत, असा कायदाच आहे.”

“अहो, मी आई आहे तिची!”

“ते लेन्सला कसं कळणार?”

“मग बिनकॅमेऱ्याची द्या. मी कुठं मागितला होता कॅमेरा?”

“तशी आता कुणी बनवतच नाही, ताई.”

“आई, मी दिसत नाही का तुला?” ईश्वरीनं विचारलं.

यमुनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेन्स काढायची रबरी दांडी उचलून तिनं दोन्ही लेन्स काढल्या आणि डॉक्टरांच्या हातावर आदळल्या. मग लेकीला ओढून अगदी नाकाशी धरलं. तिचे दोन-तीन फिकट चेहरे एकमेकांवर चढलेले दिसले, पण दिसले.

“कंपनीला फोन लावा,” ती डॉक्टरांना म्हणाली. “माझ्या लेकीचं तोंड ज्यानं झाकलं, त्याच्याशीच बोलते.”

बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. यमुना खुर्चीतून हलली नाही.