आईचा खोकला

क्षयाच्या वॉर्डात पाळी लागल्यापासून सारजा सारखे हात धुवायची. कार्बोलिक साबणानं बोटांची सालं निघाली, तरी तिचं समाधान होईना. वसतिगृहातल्या बाकीच्या शिकाऊ नर्सा संध्याकाळी गप्पा मारत बसत, तेव्हा ही जिभेखाली थर्मामीटर धरून बसे. पारा जरा वर दिसला, की तिला जेवण जात नसे. मेट्रनबाईंना मात्र तिचं कौतुक होतं. स्वच्छता शिकावी तर सारजाकडून, असं त्या वर्गात सांगत.

रविवारी दुपारी तिची आई आली. केराबाई मोडनिंबहून निघून, कुर्डुवाडीला गाडी बदलून सोलापुरात उतरली होती आणि स्टेशनापासून चालत आली होती. व्हरांड्यात लेकीला पांढऱ्या साडीत बघून ती हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

पुढं निघालेली सारजा जागीच थांबली. खोकला कधीपासून आहे, संध्याकाळचा ताप येतो का, थुंकीत रक्त दिसतं का, असं तिनं एकामागून एक विचारलं. तसलं काही नाही, ज्वारीच्या मळणीत धूळ घशात गेली, असं केराबाई म्हणाली आणि तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवायला हात पुढं केला. सारजा मागं सरली.

आईनं पाणी मागितलं. सारजानं आतून तांब्या आणला. पेलाही उचलला होता. पण त्या पेल्यानं सगळ्याच मुली पाणी प्यायच्या. तिनं तो परत ठेवला.

आता आईला काय सांगायचं, हे जुळवत ती बाहेर आली. सांगावं लागलंच नाही. तिच्या हातात नुसता तांब्या बघून केराबाई आपण होऊन पायऱ्या उतरली, खाली उकिडवी बसली आणि तिनं तोंडाशी ओंजळ धरली. गावात पाटलाच्या विहिरीवर ती जन्मभर अशीच पाणी प्यायली होती. महारवाड्यातल्या माणसानं तिथल्या भांड्याला हात लावायचा नसे.

"वत की," ती म्हणाली.

सारजानं वरून पाणी ओतलं. निम्मं पाणी आईच्या कोपरावरून खाली गेलं.

"आई, तसं न्हाय गं. खोकल्यामुळं…"

"व्हय की." केराबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "तितंबी कायतरी कारण आसतंच."

सारजानं तांब्या खाली ठेवला. ती पायऱ्या उतरली आणि आईला खेटून मातीतच बसली. तिला रडायचं होतं, पण रडूही येईना.

केराबाईला पुन्हा उबळ आली. तिनं तोंड पलीकडं फिरवलं, आणि लेकीच्या साडीला लागू नये म्हणून आपलं लुगडं आवरून घेतलं.