जांभळावरचं औषध

“बागेत पडलेली जांभळं खाल्ली हिनं,” आई पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. चार वर्षांच्या मुलीच्या उलट्या थांबत नव्हत्या.

“झाडावर काही फवारलं होतं का?” डॉक्टरांनी विचारलं.

तिला उचलून दवाखान्यात आणणारा बागेतला माळी, रखमाजी, दाराशी चुळबुळत उभा होता. सार्वजनिक बागांत फवारणीला महिन्यापासून बंदी होती. तरी सुरवंट झाले म्हणून साहेबांनी काल त्याला औषध मारायला लावलं होतं. “कुणी विचारलं तर काही मारलं नाही म्हणायचं,” असंही बजावलं होतं. रखमाजीच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

तो झटकन बाहेर पडला. आईला वाटलं, हा पळाला. वीस मिनिटांनी तो धापा टाकत परतला आणि त्यानं औषधाची बाटली डॉक्टरांसमोर ठेवली.

“काल दुपारी हे मारलं. मीच मारलं.”

लेबल वाचून डॉक्टरांनी लगेच उपचार बदलले.

संध्याकाळी मुलीनं डोळे उघडून पाणी मागितलं. आईनं तक्रार लिहायला घेतली, तेव्हा रखमाजी म्हणाला, “ताई, औषध मारायला साहेबांनी लावलं होतं. साक्षीदार म्हणून माझं नाव घाला.”